हिरव्या स्कूटरचं पुढचं चाक

१

उतार संपायच्या आतच चाक सुटलं.

स्कूटर नाक घासत, ठिणग्या उडवत पुढे गेली आणि विजेच्या खांबाला आदळून आडवी झाली. सुटलेलं पुढचं चाक मात्र आपला या प्रकरणाशी काही संबंध नाही अशा थाटात रस्ता उतरून फळांच्या दुकानापर्यंत गेलं आणि तिथल्या खोक्यांना टेकून उभं राहिलं. चालवणारे गृहस्थ शहरातल्या वाहन संग्रहालयाचे प्रमुख होते. गळ्याखालचं हाड मोडलं, खुबा दुखावला. शुद्धीवर आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते पोलिसांशी.

"चाक मुद्दाम सैल केलं होतं. हा माझ्या जिवावरचा डाव आहे."

फिकट हिरव्या रंगाची ती स्कूटर साधी नव्हती. बंदराजवळच्या एका शेडमध्ये, बोटीने आलेल्या लाकडी खोक्यांतले सुटे भाग जोडून पूर्वी स्कूटरी तयार होत. शेड बंद पडून कितीतरी वर्षं झाली. तिथल्या पहिल्या खेपेतली ही एकच गाडी शिल्लक होती. संग्रहालय ती विकत घेणार होतं. त्याआधी प्रमुखांना ती एकदा स्वतः चालवून बघायची होती. त्या फेरीचा विमा उतरवलेला होता, म्हणून विमा कंपनीने आपली तपासनीस धाडली.

कंपनीत तिला 'टोचणी' म्हणत. ती फारशी बोलत नसे. पण एकदा टोचली की माणूस खरं बोलूनच मोकळा होई.

ज्या गॅरेजमधून स्कूटर निघाली ते एका अरुंद गल्लीत होतं. पुढे गॅरेज, मागे बोळ, बोळाला लागून घरातल्या खोल्या. मागे दार नाही, खिडक्यांना गज. आत-बाहेर करायचं तर गॅरेजच्या शटरखालूनच. टोचणी आत शिरली आणि तिला वाटलं, आपण एखाद्या पेटीत उतरलो.

गॅरेज चालवत होती ती या घरची सून. अपघाताआधी स्कूटरला पाना लावणारी तीच, त्यामुळे पोलिसांचा संशयही तिच्यावर. फौजदारांनी टोचणीला फोनवर सांगितलं होतं, "संध्याकाळी येतो बाईंना न्यायला. तुमच्या तपासात वेगळं काही निघालं तर त्याआधी सांगा."

सुनेचा नवरा दारातच भेटला. जहाज कंपनीत कारकून, इस्त्रीचा शर्ट, खिशात किल्ल्यांचा जुडगा.

"काय विचारायचंय ते विचारा," तो म्हणाला. "लपवण्यासारखं काही नाही आमच्याकडे."

त्याच वेळी बोळाच्या टोकाच्या खोलीतून आवाज आला. टक, टक, टक. कुणीतरी आतून दार वाजवत होतं. घाईने नाही, रागानेही नाही. दारावर हे भलंमोठं कुलूप.

"आत कोण आहे?" टोचणीने विचारलं.

"माझे वडील," तो म्हणाला, आणि नजर चुकवून किल्ल्या चाचपू लागला.

२

वडिलांना सगळी गल्ली 'मेस्त्री' म्हणायची. त्या शेडमध्ये अगदी पहिल्या खोक्यापासून शेवटच्यापर्यंत काम केलेला माणूस. हिरवी स्कूटर त्यांचीच. शेड बंद झाली तेव्हा मालकाने पगाराऐवजी दिलेली.

"डोकं गेलंय हो त्यांचं," मुलगा म्हणाला. "सकाळ आहे की संध्याकाळ ते कळत नाही. परवा-परवापर्यंत मोकळे होते. एक दिवस हमरस्त्याच्या मधोमध सापडले, समोरून ट्रक. तेव्हापासून कुलूप. तुम्ही मला राक्षस समजत असाल."

"मी अजून काहीच समजत नाहीये."

"मी ऑफिसात बसतो ना, तर समोरच्या कागदावर मला तो ट्रक दिसतो. किल्ली एकच, ती माझ्या खिशात. स्कूटर विकून त्यांना एका चांगल्या निवासात ठेवणार होतो. डॉक्टर असतात तिथे, पहारा असतो."

"मग स्कूटर पाडून तुमचा तोटाच."

"तेच तर! ज्याला कुणाला ही विक्री नको होती त्याला विचारा." मग आवाज खाली आला. "आणि आमच्या घरातही एका माणसाला ती नको होती. मी नाव घेणार नाही."

नाव न घेता, ऑफिसला निघता निघता त्याने गॅरेजकडे पाहिलं. तिथे त्याची बायको दुसऱ्या कुणाच्या तरी मोटारसायकलची साखळी चढवत होती.

मोडकी स्कूटर कोपऱ्यात उभी होती. टोचणी गुडघ्यावर बसली. चाक ज्या स्टडवर, म्हणजे ज्या आखूड सळ्यांवर, बसतं त्यांचे आटे तिने विजेरीच्या उजेडात पाहिले. एकही तुटलेला नव्हता, एकही ओरबाडलेला नव्हता. म्हणजे नट झटक्याने उडाले नव्हते. सैल असल्यामुळे फिरत फिरत निघाले होते. पण आट्यांवर ताजं ग्रीस होतं. बोटाने, सारखं, जिथे हवं तिथेच लावलेलं.

तिने ब्रेकच्या तारेचा नट चाचपला. तोही सैल. हँडलखालचा सैल. मडगार्डचे बोल्ट? सगळे सैल. नुसत्या बोटांनी फिरतील इतके.

माणूस पाडायचा तर चाक पुरे, टोचणीच्या मनात आलं. मडगार्ड सैल करून कोण मरतं?

आणखी एक गोष्ट होती. सगळ्या गाडीवर रस्त्याची धूळ. पण पुढच्या भागावरचे नट तेवढे फडक्याने पुसलेले. अपघातानंतर पुसलेले. तिने पर्समधला छोटा आरसा काढून मडगार्डच्या खाली धरला. पुसणाऱ्याचा हात तिथवर पोचला नव्हता.

तिथल्या बोल्टच्या डोक्यावर पांढरा ठिपका होता. शेजारच्यावर दुसरा. तिने बोट फिरवलं.

खडू. म्हणजे ज्याने हे केलं त्याने आपल्या हाताने खूण करून ठेवली होती, आणि दुसऱ्याच कुणीतरी ती पुसली होती.

३

समोरच्या घरात एक गृहस्थ राहत. जुनी घड्याळं, जुने रेडिओ, जुन्या गाड्यांचे दिवे यांनी घर इतकं भरलेलं, की पाहुण्याला बसायला जागा द्यायची तर एखादी वस्तू मांडीवर घ्यावी लागे. गल्लीत त्यांना शौकीन म्हणत. हिरव्या स्कूटरसाठी त्यांनी मेस्त्रींच्या मुलाच्या मागे वर्षानुवर्षं लकडा लावला होता.

"आणि अपघाताच्या सकाळी तुम्ही गॅरेजपाशी होतात," टोचणी म्हणाली. तिच्या मांडीवर एक भोंगा होता.

"होतो. त्यात काय? शेवटचं बघून घ्यावं म्हटलं. उद्या संग्रहालयात दोरीपलीकडून बघायची, हात लावला की शिपाई ओरडणार. पण शटर अर्धं खाली होतं. वहिनी पेट्रोल आणायला जाताना दिसल्या. मी परत फिरलो."

"आत गेला नाहीत?"

"मॅडम, माझी कंबर बघा. अर्ध्या शटरखालून मी गेलो असतो तर अजून तिथेच असतो."

टोचणीला हसू आलं. तिने ते दाबलं. "आत कुणी होतं?"

शौकीन भोंग्याकडे बघत राहिले. "तसं कसं असेल? नवरा ऑफिसात, म्हातारा कुलपात, वहिनी बाहेर. पण बोलणं ऐकू आलं खरं. पुरुषाचा आवाज. मला वाटलं रेडिओ लावून गेल्या असतील."

"काय बोलला रेडिओ?"

"'झालं माझं, घे पुढे!' असं एकदा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. जरा वैतागून."

टोचणी भोंगा बाजूला ठेवून उठली. भिंतीवर एक फोटो होता. लांब शेड, एका रांगेत अर्धवट स्कूटरी, प्रत्येकीपाशी एक माणूस. एकाच्या कानामागे खडू खोचलेला. त्याच्या पुढच्या माणसाच्या एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात फडकं.

"खडूवाले मेस्त्री," शौकीन खुलले. "या शेडची गंमत माहितीये तुम्हाला? मॅनेजर मोठा संशयी माणूस. म्हणायचा, जो नट बसवतो त्यानेच तो घट्ट केला तर त्याची चूक त्याला दिसत नाही. म्हणून नियम असा, की बसवणाऱ्याने नट नुसत्या बोटांनी लावायचा, वर खडूचा ठिपका द्यायचा आणि गाडी पुढे ढकलायची. पुढचा माणूस पाना मारणार आणि ठिपका पुसणार. ठिपका राहिला म्हणजे काम राहिलं. आपल्याच नटाला पाना लावताना कुणी सापडला तर त्याला सगळ्यांदेखत शेडबाहेर उभं करत. मेस्त्रींनी उभ्या जन्मात एक नट स्वतः आवळला नाही."

"आणि हा पाना घेतलेला माणूस?"

"मेस्त्रींचा जिगरी दोस्त. एकाने बसवायचं, दुसऱ्याने आवळायचं, डबासुद्धा एकत्र खायचे. गेला बिचारा, झाली बरीच वर्षं."

टोचणी खिडकीशी गेली. समोर गॅरेजचं शटर, मागे काळोखा बोळ. कोणी केलं ते आता कळलं होतं. पण तो माणूस कुलपाच्या आत होता, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, ऑफिसात.

४

सून हात पुसत उभी राहिली. "फौजदार किती वाजता येणार?"

"तुम्हाला घाई दिसते."

"असते काही माणसांना. लिहा ना, माझ्याकडून राहिलं. आदल्या दिवशी चाक काढलं, बसवलं, आवळायचं विसरले. संपला विषय."

"फक्त चाक?"

"हो. म्हणजे... हो."

"मग मडगार्ड? ब्रेकची तार? हँडल?" टोचणीने मोटारसायकलकडे बोट दाखवलं. "मघापासून बघतेय. तुम्ही एक नट आवळता, मग पान्याने दोनदा ठोकून बघता, मग शेवटी परत सगळ्यांवरून हात फिरवता. तुम्ही विसरलात? तेही इतक्या ठिकाणी?"

"माणूस आहे मी, विसरले!"

"आणि खडूचे ठिपके कुणी पुसले?"

बोळाच्या टोकाला पुन्हा टक, टक, टक सुरू झालं. सुनेचा चेहरा त्या आवाजाकडे वळला आणि तिने तो ओढून परत आणला.

"मिस्टर म्हणाले, घरातल्या एका माणसाला स्कूटर विकायला नको होती," टोचणी म्हणाली.

"मलाच. स्कूटर गेली की बाबा निवासात जाणार. त्या निवासाच्या खिडक्या पाहिल्यात? उघडतच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हवा आतूनच येते." ती कडवट हसली. "पण खरं सांगू? मला सुटायचंही होतं. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागलीये, पाळीप्रमुखाची. दहा माणसं हाताखाली. पुढच्या महिन्यात जायचंय. रोज सकाळी उठून मी दोन्ही बाजूंनी रडत होते."

टोचणी बोळात गेली. कुलपावर छेडछाडीची खूण नव्हती. किल्ली फक्त रात्री, मुलगा घरी आल्यावरच, फिरत असावी. तिने दाराच्या दुसऱ्या कडेला हात लावला. बिजागऱ्या बोळाच्या बाजूला होत्या. त्यांत वरून ठोकलेल्या खिळी चकचकीत होत्या, तेलाने निथळणाऱ्या.

"कुलूप कशाला उघडायचं," ती हळूच म्हणाली, "जर अख्खं दारच दुसऱ्या बाजूने काढता येत असेल?"

मागून पान्याचा आवाज आला. सुनेच्या हातून तो खाली पडला होता.

"हे नका लिहू," ती म्हणाली. "पाया पडते. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण हे नका लिहू."

५

मुलाला ऑफिसातून बोलावून घेतलं. शौकीनही आले, शटर पूर्ण वर केलं तेव्हा कुठे आले. टोचणीने सुनेकडे फक्त पाहिलं. सुनेने खिळी ठोकून वर काढल्या, दार कुलपासकट बाजूला झालं, आणि मेस्त्री बाहेर आले. उंच, वाकलेले, दाढी नीट केलेली. रोज कोणीतरी करून देत असणार.

"अगं!" मुलगा बायकोवर ओरडला. "हे कधीपासून?"

"तुम्ही कुलूप लावलंत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुम्ही गेलात की काढायची, यायच्या आत बसवायची. दिवसभर दार वाजवतात हो ते. तुम्ही ऐकत नाही, मी ऐकते."

मेस्त्रींना घराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी मोडकी स्कूटर पाहिली, कुणीतरी आणून ठेवलेलं चाक पाहिलं, आणि त्यांची पाठ सरळ झाली. बाकावरून पाना आणि डब्यातले नट घेतले. आधी सैल असलेलंही सगळं नीट काढलं, पुसलं, बोटाने ग्रीस लावलं. मग चाक स्टडवर चढवलं आणि एकेक नट बोटांनी फिरवत नेला, अडेपर्यंत. पान्याला परत हात लावला नाही. खिशातून खडूचा तुकडा निघाला. ठिपका. ठिपका. ठिपका.

"झालं माझं," मेस्त्री उजवीकडे बघून म्हणाले. "घे पुढे!"

उजवीकडे भिंत होती.

शौकिनांनी डोळ्यांवर हात घेतला. "रेडिओ," ते पुटपुटले.

टोचणी मुलाकडे वळली. "त्या सकाळी यांनी हेच केलं. तुमची बायको पेट्रोल आणायला गेली. आदल्या दिवशी तिने सगळं आवळून ठेवलं होतं, म्हणून तिने परत येऊन तपासलं नाही. पाहुणे येणार म्हणून घाईने यांना आत नेलं, दार बसवलं. प्रमुख आले, गाडी घेऊन गेले. अपघातानंतर स्कूटर परत आली तेव्हा तिला ठिपके दिसले, आणि काय झालं ते एका क्षणात कळलं. म्हणून तिने ते पुसले. घात करणारा माणूस मडगार्ड सैल करत नाही, ग्रीस लावत नाही आणि खूण तर मुळीच ठेवत नाही. हे कुणीतरी मन लावून केलेलं काम आहे. अर्धं काम."

"म्हणजे हिने काही केलं नाही," मुलगा म्हणाला. त्याचे खांदे एकदम खाली आले. मग तो बापाकडे बघू लागला, आणि खांदे पुन्हा ताठ झाले. "म्हणजे बाबांनी... आज ते प्रमुख वाचले. उद्या कोण? नाही, आता बास. विक्री होवो न होवो, मी उद्याच निवासात फोन करतो."

सून टोचणीसमोर येऊन उभी राहिली. आवाज चढला नाही.

"झालं समाधान? मला सोडवलंत आणि त्यांना अडकवलंत. मी गप्प बसले होते ते काय मूर्ख म्हणून?"



६

खोटं लिहिणं तिला जमणार नव्हतं. आजवर कधी जमलं नव्हतं, आणि आज सुरुवात केली असती तरी फौजदारांनी मडगार्डखाली आरसा धरायला किती वेळ लागला असता?

"माझा अहवाल ऐका," ती शेवटी मुलाला म्हणाली. "गुन्हा नाही. घातपात नाही. या गॅरेजमध्ये एक माणूस आपलं काम बिनचूक करतो. त्याच्या पुढची जागा रिकामी होती, म्हणून अपघात झाला. हे जसं आहे तसं लिहिणार."

"मग त्यांना हलवायलाच हवं!"

"ते तुम्ही ठरवायचं. मी धोका कशात आहे ते सांगते. धोका त्यांच्या हातात नाही, रिकाम्या जागेत आहे. त्या जागेवर माणूस उभा असेल, मेस्त्री काम करत असताना सगळा वेळ, आणि प्रत्येक गाडी त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय शटरबाहेर पडणार नसेल, तर कंपनीची तक्रार नाही. एक दिवस जरी जागा रिकामी राहिली तर शटर बंद करा असं मीच लिहीन."

मुलगा खिन्न हसला. "बोलायला सोपं आहे, मॅडम. सगळा वेळ म्हणजे सगळा वेळ. कोण उभं राहणार? मी नोकरी सोडू? हे कुणाला झेपणार, कुणा परक्याला?"

"घे पुढे रे!" मेस्त्री भिंतीवर चिडले. "लाइन थांबलीये!"

त्यांनी स्कूटरला हळूच धक्का दिला. ती थोडी सरकली आणि बाकाला अडली. त्यांना पुढे काय करायचं ते कळेना. नियम मोडून स्वतः पाना घ्यावा असं त्यांच्या मनातही येत नव्हतं. ते उभे राहिले, एक हात हँडलवर, जसे त्या सकाळी उभे राहिले असतील, आणि कदाचित त्याच्याही आधी, बंद दारापलीकडे, रोज.

सुनेने खिशातून मोबाइल काढला. नंबर शोधायला तिला वेळ लागला; काळ्या बोटांनी काचेवर काही उमटेना.

"डेपो का? वर्कशॉपच्या साहेबांना द्या... साहेब, मी. नाही, पुढच्या महिन्यात नाही येत. नाही, त्याच्या पुढच्यातही नाही." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "हो, कळतंय मला. अशी जागा परत निघत नाही."

"अगं, विचार तरी कर," नवरा म्हणाला. "तू गेलं वर्षभर याच नोकरीसाठी..."

"तुम्ही करा विचार. रविवारी तुमची पाळी. पाना कसा धरायचा ते शिकवीन."

त्याने शर्टाच्या बाह्यांची बटणं उगाच काढली आणि परत लावली.

सून वाकून खालचा पाना उचलून स्कूटरच्या उजवीकडे, भिंत आणि गाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरली. जेमतेम उभी राहता येईल एवढीच जागा होती. तिने पहिला नट आवळला, दोनदा ठोकला, फडक्याने ठिपका पुसला.

मेस्त्रींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या माणसाकडे बघायची गरज नसते. ते नवा नट पुसायला लागले.

गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज झाला. फौजदार शटरशी आले, आतल्या अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबले.

"काय ठरलं, मॅडम? बाईंना न्यायचं ना?"

"नाही. गुन्हाच झालेला नाही. अहवाल उद्या पाठवते."

"मग मोकळ्या झाल्या म्हणायच्या." फौजदारांनी मान वाकवून आत पाहिलं. भिंतीला पाठ लावून सून दुसऱ्या नटावर वाकली होती. समोरून मेस्त्री घाई करत होते.

"तुमच्याकडून," टोचणी म्हणाली, "झाल्या मोकळ्या."